वाघिणीची अठरा नखं

खरं बोलण्यापेक्षा कुत्रीची अठरा नखं कापणं सोपं, असं ज्या भल्या माणसाला वाटतं त्याला आता काय म्हणावं? लोक त्याला कंडक्टरकाका म्हणायचे. एकतीस वर्षं बसमध्ये उभं राहून तिकिटं दिली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सवय काही सुटली नाही. दुकानात रांगेत उभे राहिले की पुढच्याला म्हणणार, "चला, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे." बायकोला घरातून निघायला उशीर झाला की हे जिन्यातून ओरडणार, "सुटली! गाडी सुटली!" काकू आतून म्हणायच्या, "सुटू दे, मी मागच्या गाडीनं येते." चाळीस वर्षांचा संसार असा झाला होता, आणि छान झाला होता.

तर एका सकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची बिजागरी करकरायला लागली. काकांना करकर सहन होत नाही. त्यांनी तेलाची कुपी आणली, वरच्या बिजागरीत सोडलं, खालच्या बिजागरीत सोडलं, दार चार वेळा हलवून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले. थोडं तेल खाली फरशीवर ओघळलं होतं. ते त्यांना दिसलं. हे महत्त्वाचं आहे बरं का, दिसलं! पण चहा गाळून ठेवला होता आणि गार होत होता. चहा घेतो आणि मग पुसतो, असं म्हणून ते खुर्चीत बसले. दुसरा घोट घेतात तोवर काकू धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन त्याच दारातून निघाल्या. पाय सरकला तो सरकलाच. खुब्याचं हाड मोडलं.

आणि वाघीण त्या वेळी कुठं होती? बाहेरच्या खोलीत, पलंगाखाली, गाढ झोपलेली. आवाज झाला तशी ती पलंगाखाली आणखी आत सरकली.

वाघीण म्हणजे काकूंची कुत्री. काळी, केसाळ, आकारानं मध्यम, आणि घाबरण्याच्या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकणार नाही. छत्री उघडली की पळायची, फुगा दिसला की पळायची, एकदा स्वतःच्याच ढेकरेला घाबरून पळाली होती. नाव काकूंनी ठेवलेलं. नावानं तरी धीर येईल, अशी त्यांची समजूत. सात वर्षं झाली, धीर यायचाच आहे.

मुलगा धावत दवाखान्यात आला. तो तारांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. जिथं तिथं धोका शोधायचा, कागदावर लिहायचा आणि जबाबदार माणसाला फैलावर घ्यायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला सेफ्टीसाहेब म्हणत, घरचेही म्हणत, मात्र त्याच्या पाठीमागे. पोरगा लाख चांगला. आईबापावर जीव. पण त्याचा आवाज! यंत्रं धडधडत असताना पलीकडच्या टोकाच्या कामगाराला ऐकू जावा म्हणून कमावलेला तो आवाज घरी येताना काही कारखान्यात ठेवून येता येत नव्हता.

"कशी पडलीस?" त्यानं आईला विचारलं.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. आता हा पोरगा बापाला उभा सोलणार, हे त्या माउलीनं ओळखलं आणि दुखत असतानाही पटकन बोलून गेल्या, "अरे, वाघीण मध्ये आली."

"हो, आली खरी," काका म्हणाले.

झालं! दोघांनाही वाटलं, कुत्रीचं काय जातंय? तिला कुठं कळतंय? बिचारीच्या नावावर अपराध चढला आणि नवराबायकोनं सुटकेचा श्वास सोडला.

पण कुत्रीचं गेलंच. ऑपरेशन नीट पार पडलं, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, सेफ्टीसाहेब घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी कागद आणि पेन घेऊन बसला. आई पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी घरी येणार. तिला रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्यात, साधं ओरखडलं तरी रक्त थांबायला वेळ लागेल. ती चालणार वॉकर धरून. आणि घरात काय, तर अंगावर उड्या मारणारी, पायात येणारी, नखं वाढलेली कुत्री.

"धोका क्रमांक एक," त्यानं लिहिलं, आणि मोठ्यानं वाचलंही. "वाघीण जाणार. माझ्या ओळखीच्यांचं गोदाम आहे गावाबाहेर. तिथं राखणीला राहील."

"राखणीला?" काका म्हणाले. "वाघीण?"

"जागा मोठी आहे, बाबा."

"अरे, चोर आला तर ती चोराच्या मागे लपेल!"

हसू आलं नाही त्याला. काकांनाही खरं तर रडू येत होतं. काकू घरी येणार आणि पहिलं काय विचारणार? रोज संध्याकाळी दवाखान्यातून फोन यायचा, त्यात आधी वाघीण कशी आहे आणि मग तुम्ही कसे आहात, असा क्रम ठरलेला. त्यांना या गोदामाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेशंटला त्रास होईल असं काही बोलू नका. काकांनी धीर गोळा केला. खरं सांगून टाकावं. त्यांनी तोंड उघडलं.

"अरे, ते तेल..."

"कसलं तेल?" असा काही आवाज आला की टेबलावरची वाटी हलली.

"स्वयंपाकाचं. संपलंय. येताना आण."

त्यानं दुसऱ्या दिवशी पाच लिटरचा डबा आणून ठेवला. आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? अहो, तोंड उघडलंच होतं ना! पण नाही. त्या रविवारीच, टेबलापाशी, काकांनी वेगळाच मार्ग काढला. "नखं कापली तर?" ते म्हणाले. "नखं कापली, तिला शहाणं केलं, तर राहील?"

"ती डॉक्टरकडे चौघांना ऐकली नाही, बाबा. डॉक्टर म्हणाल्या, भूल द्यावी लागेल. तुम्ही कापणार?"

"कापली तर?"

"बघू," सेफ्टीसाहेब म्हणाला.

बस्स. 'बघू' म्हणजे काकांच्या लेखी पक्कं तिकीट. तेरा दिवस हातात होते.

सोमवारी सकाळी त्यांनी शेजारच्या पार्लरवाल्या बाईंना हाक मारली. बाईंनी वीस वर्षं माणसांची नखं कापली, घासली, रंगवली. त्या बाह्या सावरून आल्या. "भाऊजी, माझ्यापुढं भल्याभल्या नवऱ्या मुलींनी हात थरथरत धरलेत. ही कोण लागून गेली?" बाईंनी नखं कापायची कात्री काढली, हवेत एकदा नुसती चालवून बघितली. कट! त्यापुढचं सांगायला हवं का? वाघीण पडद्यात शिरली, पडदा दांडीसकट खाली आला, पडदा पांघरलेली वाघीण स्वयंपाकघरात गेली, तिथून बाथरूममध्ये, आणि शेवटी ती कपड्यांच्या टोपलीत सापडली. बाई पलंगावर उभ्या होत्या. त्या तिथं का चढल्या, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना.

"भाऊजी," त्या खाली उतरत म्हणाल्या, "गोदाम म्हणजे मोकळी हवा असेल, नाही?"

मग काकांनी जनावरांच्या डॉक्टरना फोन लावला. डॉक्टर तरुण मुलगी, भराभर बोलणारी. तिनं सांगितलं ते काकांनी जुन्या तिकिटांच्या पाठीवर लिहून घेतलं. नखाच्या आत एक नाजूक भाग असतो, त्यात रक्त असतं. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, पण वाघिणीची नखं काळी, तिथं दिसणार नाही. म्हणून टोकाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा आणि कापलेली जागा निरखायची. मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. आधी नुसते पाय हातात घ्यायचे, खाऊ द्यायचा, सोडून द्यायचं.

"आणि काका, जबरदस्ती नाही. तिनं पाय ओढला की सोडा. ती घाबरल्यावर थांबून उपयोग नाही, घाबरायच्या आधी थांबायचं."

"ते कसं कळणार?"

"तिच्याकडे बघत राहा. ओठ चाटते, तोंड फिरवते, जांभई देते. ती सांगत असते, आपण ऐकत नाही."

खरी भीती होती ती त्या 'कट' आवाजाची. काका विचार करत बसले आणि विचार करता करता त्यांचा हात कपाटातल्या वरच्या कप्प्याकडे गेला. तिथं त्यांचा तिकिटं टोचायचा जुना पंच होता, निवृत्तीच्या दिवशी डेपोनं त्यांनाच देऊन टाकलेला. कट! तोच आवाज, जरा गोड. उरलेल्या तिकिटांची गड्डीही होती. काकांच्या अंगात एकदम सहा वर्षांपूर्वीचं वारं शिरलं.

योजना साधी. काका सर्वांत आतल्या खोलीत जाऊन एक तिकीट टोचत आणि धावत बाहेर येऊन वाघिणीला उकडलेल्या चिकनचा तुकडा देत. आवाज झाला, चिकन आलं. आवाज झाला, चिकन आलं. दुसऱ्या दिवशी एक खोली अलीकडे. तिसऱ्या दिवशी दारात. पाचव्या दिवशी वाघीण समोर बसून वाट बघायला लागली. "प्रवासी शहाणा आहे," काका पार्लरवाल्या बाईंना म्हणाले. मग पंच टोचायचा, पाय हातात घ्यायचा, बोटं एकेक दाबायची, चिकन. आठवडा संपता संपता अशी वेळ आली की 'कट' ऐकू आलं की वाघीण आपणहून उजवा पंजा उचलून पुढे धरायची. काका तर नाचायचेच बाकी होते. तेही नाचले, सोमवारी.

पण एक गोष्ट त्यांनी लक्षात घेतली नव्हती. कुत्रीला काय माहीत पंच कुठला आणि दुसरं काय? कट म्हणजे कट. गॅसचा लायटर वाजला, वाघीण हजर. बाईंनी केसांची क्लिप लावली, वाघीण पंजा पुढे करून उभी. कुरिअरवाल्यानं दारात पेनचं बटण दाबलं, तर त्याच्या गुडघ्यावर पंजा. तो बिचारा सही न घेताच गेला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे काकांचे गुडघे. काका खाली बसले की दोन्ही गुडघे वाजायचे, कट, कट. वाघीण दोन तुकड्यांसाठी दोन्ही पंजे वर करायची आणि तोल जाऊन काकांच्या मांडीवर पडायची. उठताना पुन्हा कट, कट. एका दुपारी बसता उठता अर्धा किलो चिकन संपलं.

"भाऊजी, तुमच्या गुडघ्यांना तेल द्या," बाई हसून हसून म्हणाल्या.

तेलाचं नाव काढताच काकांचा चेहरा असा काही झाला, की बाईंना कळेना आपण काय चुकीचं बोललो.

पंचावरून कात्रीवर येणं राहिलं होतं. काकांनी आधी कात्रीनं आगकाडीची टोकं कापली. कट, चिकन. कट, चिकन. वाघिणीनं कात्री हुंगली, काडी हुंगली, चिकन खाल्लं. मंगळवारी सकाळी काकांनी चष्मा पुसला, उजेडात चादर घातली आणि पहिला पंजा हातात घेतला. कपाळावर घाम. वाघीण ओठ चाटत होती. थांबले. तोंड फिरवलं तिनं. पंजा सोडून दिला. पुन्हा पाच मिनिटांनी. मग एक तांदळाएवढा तुकडा. कट!

काही झालं नाही. वाघीण पळाली नाही, पडदा पडला नाही, जग जागच्या जागी होतं. काका आणि बाई एकमेकांकडे डोळे विस्फारून बघत राहिले, आणि मग काकांनी हळूच, अगदी कुजबुजत म्हटलं, "डबल बेल." दिवसभरात त्या पायाची चारही नखं झाली.

बुधवारी दुसरा पाय. पहिली तीन नखं झाली तशी काकांच्या अंगात जोर आला. चौथ्याला त्यांनी ठिपक्याची वाट न बघता आणखी एक तुकडा काढला आणि रक्ताचा एक थेंब आला. एक थेंब! काकांना चक्कर आली. कॉर्नफ्लोअरचं भांडं घ्यायला म्हणून गेले ते आख्खं पाकीटच ओढून आणलं, ते फाटलं, आणि क्षणात चादर, वाघीण, काका आणि जमीन सगळं पांढरंशुभ्र झालं. काका भिंतीला टेकून बसले. गुडघे वाजले. कट, कट. आणि ती भित्री, जगाला घाबरणारी कुत्री त्या सगळ्या पांढऱ्या धुरळ्यातून रक्ताचा पंजा पुढे करून उभी राहिली आणि चिकन मागायला लागली.

काकांनी तो पंजा हातात घेतला. मी हिच्या नावावर खोटं घातलं, आणि ही माझ्या हातात पाय देतेय. ते पीठ दाबून धरता धरता तिला म्हणाले, "बये, तुझी नखं मी कापीनच, पण मी काही चांगला माणूस नाही." वाघिणीला चिकन मिळालं होतं, तिचं काही म्हणणं नव्हतं. रक्त दोन मिनिटांत थांबलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा काकूंनी विचारलं, "वाघीण कशी आहे?" काका म्हणाले, "गोरी झालीय."

गुरुवारी तिसरा पाय, शुक्रवारी चौथा. घाई नाही, जबरदस्ती नाही. चार पाय, चार चोक सोळा. शुक्रवारी दुपारी काकांनी सोळाव्या नखाचं तिकीट टोचलं आणि विजयानं ओरडले, "शेवटचा थांबा! सगळे उतरा!" पार्लरवाल्या बाई तिला विंचरून देखणी करायला बसल्या. विंचरता विंचरता त्यांचा हात थांबला.

"भाऊजी, हे काय?"

"कुठं?"

"इथं, पंजाच्या वर. आतल्या बाजूला. केसांत लपलंय. हा अंगठा आहे हो! आणि दुसऱ्या पुढच्या पायालाही आहे!"

काकांनी चष्मा नाकावर ढकलला. अंगठाच. जमिनीला कधी टेकत नाही म्हणून कधी झिजत नाही, वाढून वाढून गोल वळलेला, टोक अणकुचीदार. सगळ्या नखांत हीच दोन नखं काकूंच्या कातडीला लागायची होती. काका मटकन खाली बसले. "एकतीस वर्षं प्रवासी मोजले," ते म्हणाले, "आणि दोघं जण इतके दिवस फुकट प्रवास करत होते माझ्या डोळ्यांदेखत!"

चिकन संपलं होतं. वाघीणही दमली होती, जांभया देत होती. आणि काकांना डॉक्टरीणबाईंचं वाक्य पाठ झालं होतं. त्या दिवशी त्यांनी कात्री ठेवून दिली.

शनिवारी सकाळी आठला चिकनचं दुकान उघडलं तेव्हा दारात काका उभे होते. साडेनऊला बाईंनी केस मागे धरले, काकांनी नखाचा विळखा निरखला, आणि दाण्यादाण्यानं कापत गेले. कट. चिकन. कट. चिकन. वाघीण बाईंच्या मांडीवर डोकं टेकून बसली होती, शेपटी सावकाश हलत होती. दहा वाजून वीस मिनिटांनी अठरावं नख पडलं. बाईंनी काकांचे हात धरले, काकांनी बाईंचे, आणि दोघं खोलीभर गरगर फिरले. वाघीणही मध्ये मध्ये भुंकून फिरली. "अठरा! अठरा! गाडी रिकामी!" काका गात होते, सुरात नव्हते, पण त्याची पर्वा कोण करतो!

खाली हॉर्न वाजला.

काका वाघिणीला घेऊन खाली धावले. सेफ्टीसाहेब गाडीतून उतरला होता. काकू मागच्या सीटवर पाय पसरून बसल्या होत्या, खिडकीची काच खाली. वाघिणीला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगावं! "अगंबाई, माझी बाय ती!"

"आई, थांब. आधी तपासणी," मुलगा म्हणाला. त्यानं खिशातून टॉर्च काढली, भर उन्हात. मग वही काढली आणि पेनचं बटण दाबलं. कट. वाघिणीनं उजवा पंजा त्याच्या हातात ठेवला. तो चपापलाच. त्यानं पंजा बघितला, उलटा करून बघितला, अंगठा बघितला, दुसरा पाय, मागचे पाय. बोट फिरवून बघितलं.

"बाबा, हे तुम्ही केलं?"

"मी, बाई आणि तीन किलो चिकन."

"नखं उत्तम आहेत." काकांची छाती फुगली. "नखं पास. पण बाबा, नखं कापली म्हणून पायात यायची थांबते का? आई तिच्यामुळे पडली. मी बघू म्हणालो होतो, बघितलं. आईला वर सोडतो आणि हिला घेऊन जातो. तिथं सांगून ठेवलंय." आणि त्यानं गाडीतून पट्टा काढला.

"कुठं नेतोस हिला?" काकू गाडीतून म्हणाल्या. मुलगा पट्ट्याची कडी उघडायला लागला. "अहो, कुठं नेतोय हा तिला?"

वाघीण अजून पंजा पुढे धरून उभी होती, सेफ्टीसाहेबाकडे विश्वासानं बघत. तिला वाटत होतं चिकन येईल. काकांना ते बघवेना. अठरा नखं कापून झाली, आता कापायला काही उरलं नव्हतं.

"ती पायात आली नव्हती," काका म्हणाले.

"ती झोपली होती रे!" त्याच क्षणी काकूही म्हणाल्या.

"तेल मी सांडलं होतं. बिजागरीचं. दिसलं होतं मला. चहा घेऊन पुसणार होतो."

"आणि मी खोटं बोलले. यांना वाचवायला."

सेफ्टीसाहेब एकदा बापाकडे बघे, एकदा आईकडे. "म्हणजे दोघंही? दवाखान्यात? माझ्या तोंडावर? मला का नाही सांगितलं?"

"तू ओरडला असतास," काका म्हणाले.

"मी?" तो म्हणाला. "मी ओरडतो? मी कधी ओरडलो? तुमच्या काळजीपोटी जीव टांगणीला लागतो माझा, आणि मी ओरडतो?"

वरच्या मजल्यावर दोन खिडक्या उघडल्या. वाघीण गाडीखाली गेली. काका दोन पावलं मागे सरकून भिंतीला लागले. आणि गाडीच्या मागच्या दाराची काच हळूहळू वर जाऊ लागली. काकूंनी बटण दाबून धरलं होतं. काच पार वर गेली. पलीकडे आई दिसत होती, मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून बसलेली.

ते मुलानं बघितलं. बघतच राहिला. मग तो पायरीवर बसला आणि काहीतरी बोलला, पण इतक्या हळू की काकूंना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी काच चार बोटं खाली केली. "काय म्हणतोस?"

"मला घाबरतेस तू, आई?"

काकूंनी उगाच नाही-नाही केलं नाही. "घाबरते रे," त्या म्हणाल्या. "तुला नाही. तुझा आवाज आधी येतो, तू मागून येतोस. तू येईपर्यंत आम्ही दडून बसलेले असतो."

मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही. पट्टा गुंडाळून गाडीत फेकला, आणि खाली वाकून गाडीखाली बघितलं. दोन डोळे चमकत होते. "तू राहा," तो म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही." मग उठून बापाकडे वळला. "बाबा, अजून काही आहे, जे मला सांगितलं नाहीत?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी होकारार्थी मान हलवली.

"तू दिलेली न घसरणारी चटई वाघीण अंथरूण म्हणून वापरते," काका म्हणाले.

मुलाचे कान लाल झाले. तो ओरडला नाही.

"तो धुराचा भोंगा सारखा वाजतो म्हणून मी त्याचे सेल काढले. रेडिओला घातले."

मान लाल झाली. त्यानं जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. ओरडला नाही.

"आणि बल्ब बदलताना मी शिडी घेत नाही. खुर्चीवर स्टूल ठेवतो."

कठडा हलायला लागला. मुलाचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग त्यातून एक बारीक, चिरका, कुणी कधीच न ऐकलेला आवाज आला. "बरं झालं सांगितलंत."

काकू काचेतून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी काच पूर्ण खाली केली, दार उघडलं आणि हात पुढे केला.

"चल, धर मला," त्या म्हणाल्या. "वर चल, चहा टाकतील हे. माझं सांगायचं तर अजून सुरूच झालेलं नाही."